देव्हाऱ्यातला फॉर्म

हॉस्पिटलातून आलेल्या देवयानीनं लॅपटॉपसारखं यंत्र पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि संमतीचा फॉर्म मागितला.

अलकाकाकू जागच्या हलल्या नाहीत. इंग्लंडातल्या मेडनहेड गावावर सकाळपासून बर्फ पडत होता. खोलीतला उजेड दुधासारखा झाला होता.

"देवांखाली आहे," पलंगावरून डॉक्टर शशिधर म्हणाले. "मी सही करून चार दिवस झाले. ही गणपतीचं मत घेतेय. तो काय कन्सल्टंट आहे?"

"तुम्ही गप्प पडून राहा हो."

शेवटी काकूंनी फॉर्म काढून आणला. त्याला डॅफोडिलची सुकलेली पाकळी चिकटली होती. एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ होती. डीॲक्टिव्हेट.

"माझ्या बहिणीचा, शैलाचा मोबाइल असाच डीॲक्टिव्हेट केला," काकू म्हणाल्या. "नंबर गेला तो गेलाच."

देवयानी त्या रेघेकडे पाहत राहिली. डॉक्टरांच्या छातीतल्या यंत्रानं गेल्या आठवड्यात सहा झटके दिले होते. हृदय भरकटलं की झटका द्यायचा, एवढंच त्याला ठाऊक. माणूस आता निघालाय, हे त्याला कळत नाही. तेव्हापासून, झटका काकूंनाही बसेल म्हणून, डॉक्टर त्यांना जवळ येऊ देत नव्हते. काकू खुर्चीत झोपत.

"काकू, तुमच्या दारावर चोरांसाठी अलार्म आहे ना? तो डीॲक्टिव्हेट केला, तर घराचं काय होतं?"

"घराचं काय व्हायचंय?"

"हेही तसंच. काकांचं हृदय त्याच्या त्याच्या वेळेपर्यंत चालेल. झटके तेवढे बसणार नाहीत."

काकूंनी पाकळी अलगद सोडवून घेतली आणि फॉर्म पुढे केला.

देवयानीनं वायरच्या टोकाची चकती दोन्ही तळव्यांत धरून कोमट केली, डॉक्टरांच्या छातीवर ठेवली आणि दोन बटणं दाबली. कसलाही आवाज झाला नाही. पडद्यावरची ठोक्यांची रेघ पुढे सरकत राहिली.

"झालं?"

"झालं."

काकूंनी सपाता काढल्या. परक्या मुलीसमोर, भर दुपारी, त्या पांघरूण उचलून आत शिरल्या आणि डॉक्टरांच्या छातीला कान लावून पडल्या.

देवयानी वायर गुंडाळायची थांबली.

"अहो," थोड्या वेळानं काकू म्हणाल्या, "चालू आहे."