एका दुखत्या डोक्यासाठी

मी मेंदूचा डॉक्टर. मायग्रेनमध्ये कवटीतला दाब वाढतो का, हे मला मोजायचं होतं. उसनं आणलेलं मशीन आज परत जाणार, आणि माझ्या मायग्रेनच्या पेशंट रत्नम्मामावशी, त्यांचं डोकं आज काही दुखेना. सगळं संशोधन तिथंच अडलं. डॉक्टरचं काम अडलंय म्हणून निलंग्यातली अख्खी गल्ली मदतीला आली. मावशीला उन्हात बसवलं, कानाशी हलगी बडवली. मावशी मजेत ठेका धरून राहिल्या. डोकं फुटायला लागलं ते माझं.

"मग सायबालाच लावा की," म्हणत मावशीनं मशीनचा पट्टा माझ्या डोक्याला आवळला. त्यांचा मुलगा अमरेश पडद्यावर वाकला.

"अम्मा, सगळं नॉर्मल दाखवतंय."

मावशीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"काई न्हाई झालं तुम्हाला. उगी टेन्शन घ्यायलात."