शर्टाला तळणाचा वास

नवरा चोरून तळलेलं खाताना पकडला गेला असता, तर बायकोचे दोन फायदे होते. एक, तो स्टिअरिंग सोडून डेपोत स्वस्थ बसला असता. दोन, तिचंच म्हणणं खरं ठरलं असतं. यातला मोठा फायदा कुठला, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच. त्याच्या छातीचं सहा महिन्यांपूर्वीच ऑपरेशन झालं होतं.

तिने त्याच्या ड्यूटीच्या शर्टाची बाही पुन्हा नाकाला लावली.

"तळण," ती म्हणाली. "आजही."

"अगं, बसचा वास आहे तो. घराघरांतलं तळून उरलेलं तेल कारखान्यात नेतात, त्याचं इंधन करतात. आमची बस आता त्याच्यावरच चालते. धुरालाच तसा वास येतो."

"वा! म्हणजे तळण खाते बस आणि वास येतो तुम्हाला."

"लोक बाटल्या आणून देतात तेलाच्या. बाटलीभर तेल दिलं की दिवसभराचं तिकीट माफ."

"माफ?"

"पूर्ण माफ."

माफ हा शब्द तिच्या फार आवडीचा. क्षणभर ती विरघळली, पण क्षणभरच. "ते असू दे. उद्या दुपारी डेपोचे डॉक्टर मला बोलावून विचारणार आहेत, यांचं पथ्य कसं चाललंय. मी खोटं बोलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

सगळं घोडं तिथेच अडलं होतं. डेपोचे डॉक्टर एकाही ड्रायव्हरच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत, बायकोला विचारत. ती 'नाही' म्हणाली की बस गेलीच. मग निवृत्त होईपर्यंत चौकशीच्या खिडकीत बसून टाळकं पिकवून घ्यायचं. ही बस त्याने हातापाया पडून मागून घेतली होती. आयुष्यभर काळा धूर सोडत गाडी हाकली होती त्याने. शेवटी शेवटी तरी मागच्या सायकलवाल्याने आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करू नये, एवढीच त्याची इच्छा.

बरं, तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती. तो दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी तिने चार पाहुण्यांसमोर कढई माळ्यावर टाकली होती. "तुम्ही नाही, तर मीही नाही," म्हणाली होती. आणि ही बाई कोण, तर लग्न ठरवायच्या बैठकीतही जिचं अर्धं लक्ष बटाट्याच्या तळलेल्या कापांकडे होतं ती! आता तिच्या ताटातला वाफवलेला भोपळा पाहिला की त्याच्याच घशात घास अडकायचा. हृदय आपलं आणि शिक्षा तिला. तो कामावरून यायच्या वेळी ती खिडक्या सताड उघडून बसायची. तुमच्या शर्टाने घर कोंदून जातं, म्हणायची. तो बापडा बाहेरच शर्ट काढायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टॉपवर बस लावतो तो काय, समोर बायको. चढायचं सोडून ती तडक बसच्या मागे गेली. आरशात त्याला दिसलं, ती कमरेत वाकून धुरापाशी नाक नेत होती. बाजारात खरबूज हुंगून घेतात तशी. एकदा हुंगलं. मग पुन्हा एकदा, खात्रीसाठी. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, तर त्यालाच म्हणाली, "थांब रे, घाईचं नाही."

ती पुढच्या दाराने चढली तेव्हा डोळे भरले होते. ते धुराने नव्हते.

"खरं बोलत होता हो तुम्ही," ती त्याच्या सीटमागच्या दांड्याला धरून म्हणाली. "मला वाटलं, हा माणूस चोरून खातो आणि एक दिवस मला टाकून जातो. रात्र रात्र डोळा लागत नव्हता. जा, चालवा तुमची बस. डॉक्टरांना मी सांगते काय ते."

त्याच्या खांद्यांवरून पोतं उतरलं. त्याने हात पुसून गिअर टाकला.

"वहिनी, तिकीट?" कंडक्टरबाई आली.

"माफ!" आनंदाच्या भरात बायको म्हणाली आणि तिने पिशवीतून एक गच्च भरलेली बाटली काढून ऐटीत पुढे केली.

कंडक्टरबाईने ती उजेडात धरली. "तेल काय स्वच्छ आहे हो! कालपरवाच्याच तळणाचं दिसतंय. घरचंच ना?"

"मग! बाहेरचं तेल मी कशाला—"

बायको तिथेच थांबली. बसने पुढचा चौक ओलांडला तरी तिचं वाक्य मागच्या स्टॉपवरच उभं होतं.

आरशात दोघांची नजरानजर झाली.

"कधीतरी हो," ती पुटपुटली. "तुम्ही ड्यूटीवर असता तेव्हा."

ड्रायव्हर इतका हसला की कंडक्टरबाईने घाबरून त्याच्या छातीकडे पाहिलं. छाती ठणठणीत होती. भोपळ्याची शिक्षा सहा महिने त्याने एकट्यानेच भोगली होती, आणि इतकं हलकं त्याला ऑपरेशननंतरही वाटलं नव्हतं.