पलीकडच्या तारा

मी चाकणच्या प्लांटमध्ये होते; तिथून आमच्या पिंपरी ऑफिसपर्यंतची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्यानं घेतलेली टेलिफोनची तार, तपासायची होती. पिंपरीच्या टोकाला असलेल्या माणसानं दोन तारा एकमेकींना जोडल्या, तरच इकडून पाठवलेला सिग्नल परत येतो. तिकडे जयसिंगकाका होते तोवर सांगावंच लागायचं नाही; माझा फोन जायच्या आत तारा जोडून मोकळे! ते वारल्यावर आज पहिल्यांदाच मी लाइन तपासली. सिग्नल झकास परत आला.

खूश होऊन त्यांच्या जागी आलेल्या नागसेनला फोन केला. "लाइन ओके, भावा. सोड तारा."

"कसल्या तारा, ताई? मी अजून कासारवाडीत ट्रॅफिकमध्ये अडकलोय. ऑफिसला कुलूप आहे, किल्ली माझ्याच खिशात."

फोन ठेवला. स्क्रीनकडे बघत हळूच म्हटलं, "काका, झालं काम. सोडा आता."



सिग्नल बंद झाला.