पेल्यावरचा पाव

दारात गाडी थांबल्याचा आवाज आला, तशी मिकोलाने घाई केली. फळीवरच्या बहिणीच्या फोटोपुढे त्याने वोडकाचा भरला पेला ठेवला आणि त्यावर काळ्या पावाचा एक काप झाकला.

अलेस्या घरात असती तर तिने तो पेला सिंकमध्ये ओतला असता. "बाबा, खरं तेच सांग हं," ऑफिसला निघताना तिने बजावलं होतं. "आत्याचं मी कधीच कळवलंय."

पण मिकोलाने सरकारं पाहिली होती. पोरीला इथल्या सरकारच्या उपग्रहांच्या खात्यात नोकरी लागायची होती, पण गुप्त कामाची परवानगी मिळाली तरच. आणि इथे सख्खी आत्या बेलारूसमध्ये. आत्याचा मुलगा स्तास तिकडच्या सीमादलात, तोही बढतीच्या वाटेवर. त्यापेक्षा आत्या नसलेलीच बरी. बहिणीला करायचा रविवारचा फोनही त्याने महिन्यापासून बंद केला होता.

परवानगीच्या चौकशीला आलेला सरकारी अधिकारी प्रुइट घाम पुसत बसला.

"मुलगी दारू पिते, मिस्टर झुक?"

"माझ्या घरात? मी काही उरवलं तर पिईल ना!"

प्रुइट हसला. "तिकडे जवळचं कोण आहे?"

मिकोलाने फळीकडे बोट केलं. "बहीण होती. यादविगा. मेलेल्या माणसापुढे आम्ही असा पेला ठेवतो, वर पाव झाकून."

"अरेरे. कधी गेल्या?"

मिकोलाने तोंड उघडलं. फोटोत यादविगा हसत होती, पुढचा अर्धा दात दाखवत. तो दात लहानपणी त्यानेच बर्फावर ढकलून तोडला होता. त्यावरून ती फोन बंद होईपर्यंत दर रविवारी त्याला शिव्या घालायची.

तो उठला. पाव उचलून खाल्ला, पेला एका घोटात रिकामा केला.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "चांगली धडधाकट आहे. पोरीसाठी खोटं बोललो. लिहा काय लिहायचं ते."

प्रुइटने पेन खाली ठेवलं. "काका, आत्या असल्याने माणूस अडतोच असं नाही. लपवल्याने मात्र अडतो. तुमच्या मुलीने आत्याचा पत्तासुद्धा दिलाय."

पानगळीच्या सुमारास परवानगी आली. अलेस्या केक घेऊन आली आणि मिकोलाला नाचायला लावलं. पुढच्या रविवारी त्याने बहिणीच्या गावी, ग्रोद्नोला, व्हिडिओ फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर यादविगाचा चेहरा दिसला.

"अगं, पोरीचं काम झालं! तुझं नाव सांगूनसुद्धा!"

"हळू बोल, दादा." तिने मागे वळून दाराकडे पाहिलं. "स्तासचंही झालं. बढती मिळाली."

"वा! आणि तू एवढी गप्प? दात दुखतोय का?"

ती हसली नाही.

"म्हणजे... तुझ्याकडेही आले होते? माझं विचारायला?"

"आले होते."

"मग तू काय सांगितलंस?"

यादविगा नुसती बाजूला सरकली. तिच्या मागे फळी होती. फळीवर मिकोलाचा जुना फोटो होता, आणि फोटोपुढे पेला. त्यावरच्या पावाच्या कडा वाळून वर वळल्या होत्या.