आईकडची बाजू

"लिवा बाई, हे समदं हिच्या माहेरचं हाय," बायनाबाईनं सुनेकडं बोट केलं आणि पदर नाकाला लावला. शेजारी तिचा नातू परमेश्वर भिंतीशी पुटपुटत बसला होता. आठ दिवस त्यानं अंगाला पाणी लावू दिलं नव्हतं.

माजलगावच्या डॉक्टरीणबाई कागदावर घराण्याचा नकाशा काढत होत्या. डावीकडं बापाची बाजू, उजवीकडं आईची. वर पोराचं वय लिहिलं होतं, एकोणीस.

म्हातारीला तो कागदच हवा होता. धाकट्या मुलाच्या पोरीचं, सायलीचं, लग्न जमत होतं आणि पाहुण्यांनी विचारलं होतं, वेड घराण्यात आहे का. सुनेच्या रक्तातून आलं असं सहीनिशी मिळालं की सायली सुटली. मग सुनेला, मनिषाला, आणि पोराला आजच उमापूरला, तिच्या माहेरी, हाकलायचं. दोघांचं बोचकं जीपमध्ये टाकूनच ती निघाली होती. जनाची नाही, मनाची तरी.

"असं एका बाजूनं येत नसतं, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेकडो बारीक जनुकं असतात. दोन्हीकडून थोडी थोडी येतात. आणि आली म्हणून सगळी जागी होतात असंही नाही. जन्माच्या वेळचे हाल, उपासमार, मनावरचा ताण, यानं काही जागी होतात. बाळंतपण कुठं झालं?"

"फडावर. आमी ऊसतोडीला कर्नाटकात गेलतो. पाचटाच्या कोपीत झाला, माझ्याच हातावर. पोरगी दोन दिस तळमळत व्हती."

"सोबत कोण होतं?"

"माझी लेक व्हती की, सत्यशीला, सैपाकाला. त्याच उन्हाळ्यात तिचं लगीन लावलं."

"त्या बऱ्या असतात?"

"तिला काय धाड भरलीय? आमच्यात असलं न्हाई. हिचा मामा येडा व्हता. उकिरड्यावर मेला."

तो मामा दारू पिऊन विहिरीत पडला होता, हे सगळ्या उमापूरला माहीत होतं.  मनिषा पोराच्या हनुवटीवरची लाळ पदरानं पुसत होती. घरी म्हातारी त्याचं ताट गोठ्यात ठेवायची, कुत्र्याच्या भांड्याशेजारी. ऐकूनच शिसारी यावी असली ही आजी.

मनिषाचा नवरा बद्रीनाथ दाराशी तंबाखू मळत उभा होता. आईपुढं त्यानं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"लिवा की आईकडचं," बायनाबाईनं कागदावर बोट आपटलं. "बीच नासकं, दुसरं काय?"

मनिषानं नवऱ्याला खूण केली. तो परमेश्वराला चहाला घेऊन गेला. दार लागेपर्यंत ती थांबली.

"तुम्हाला काही आजार?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं. "ऑपरेशन?"

"पिशवी काढलीया. पैलं लेकरू पोटातच गेलं, तवाच."

"कधी?"

"गप बस," बायनाबाई म्हणाली. नाकावरचा पदर खाली आला होता.

"बावीस वर्सं झाली."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या एकोणीसकडं पाहिलं.

"आईकडचं लिवायचं असंल तर सासूबाईलाच इचारा," मनिषा म्हणाली. "सत्यशीला वन्सं त्यांचीच लेक हायती."