चौऱ्याऐंशी मुलाखती
रामचंद्र मुंबईच्या कॉलेजात शिकवायचा आणि सहा वर्षं डॉक्टरेटसाठी मच्छीमारी धंद्याच्या व्यवस्थापनावर प्रबंध लिहीत होता. प्रबंध टाइप होऊन तयार होता, सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. राहिली होती फक्त काशीदच्या होडीमालक अनंता नाखव्याची मुलाखतीला संमती दिल्याची सही. पहाटेपासून लाँच आणि एसटी बदलत तो नाखव्याच्या अंगणात पोचला, तेव्हा दमून त्याला धड बोलवतही नव्हतं. अनंता सही करत असतानाच एक खलाशी होडीवर काम मागायला आला. अनंतानं बायकोकडे पाहिलं. बोंबील वाळत घालणारी भागुबाई मान न वळवताच म्हणाली, "याला नको. गेल्या साली वाऱ्यात जालं सोडून दिलं यानं." "न्हाय जमायचं रे," अनंतानं खलाशाला सांगितलं. रामचंद्र चमकला. "माणसं या निवडतात? तुम्ही बोलला नाहीत!" "तुमी इचारलं, नाखवा कोन? नाखवा मीच हाय. ठरवतं कोन, ते कुठं इचारलंत?" चौऱ्याऐंशी नाखव्यांच्या मुलाखती झाल्या होत्या, आणि एकाही घरात त्यानं बाईला प्रश्न विचारला नव्हता. सोमवारी प्रबंध तसाच दिला असता, तरी विद्यापीठात कुणाला काही कळलं नसतं. तो पायरीवर मटकन बसला. भागुबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "दमलाव काय, मास्तर?" "खूप." पाणी पिऊन त्यानं पिशवीतून कोरा कागद काढला. "भागुबाई, तुमच्याशी बोलायचंय. वेळ आहे?" "किती लागंल?" "दोन वर्षं तरी," तो म्हणाला.