एका पत्त्यावर तीन कुत्रे

"बाकीचे दोन कुत्रे कुठे आहेत?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी यादीवर बोट ठेवून विचारलं.

घरातले चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. कुत्रा तर एकच होता. टेबलाखाली, आजोबांच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला.

"यादीत तीन आहेत. शेरू, बंड्या, प्रिन्स. पत्ता हाच. हे बघा, लपवाछपवी नको. तुमच्या मागच्या कुंपणापाशी आज कोल्हा मरून पडलाय. या भागातला पाचवा. आधीचे चारही पिसाळलेले निघाले. तुमच्या मागच्या पायरीवर रक्त आहे आणि कोल्ह्याच्या अंगावर साधा ओरखडा नाही. म्हणजे चावा दुसऱ्याच कुणाला तरी बसलाय. लस न टोचलेला कुत्रा असेल, तर तो मला न्यावा लागेल. आणि असा कुत्रा परत येत नाही."

आजोबांचा चेहरा खर्रकन उतरला. उजव्या हाताने त्यांनी कुत्र्याचं डोकं जवळ ओढलं. डावा हात स्वेटरच्या खिशातच होता.

"अहो, आमचा शेरू एकटाच आहे," सूनबाई रडकुंडीला आली. "मी स्वतः टोचून आणलंय त्याला. गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"तू?" नवरा चक्रावला. "अगं, दुसऱ्या रविवारी मी नेलं होतं बंड्याला! म्हटलं, तू विसरशील."

"मला वाटलं, तुम्ही दोघंही विसराल," नात पुटपुटली. "म्हणून मी प्रिन्सला शाळेजवळच्या शिबिरात नेलं."

एक कार्ड डब्यातून निघालं, एक पाकिटातून, एक कंपासपेटीतून. काय बोलायचं या घराला! गॅस बंद आहे का, हेसुद्धा तिघं तीनदा उठून बघणारे. कुत्र्याच्या नावावरही कधी एकमत झालं नव्हतं. आणि आजोबांना तर यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. मग कुत्र्याचे कान, पाय, पोट, जबडा, सगळं तपासलं. कुठेही जखम नव्हती.

"कमाल आहे. मग ते रक्त कुणाचं?"



"म्हणजे बाळाला नेणार नाही ना?" आजोबांनी विचारलं.

"आता हा बाळ कोण? चौथा?"

"हाच तो," तिघंही एकदम म्हणाले. "आजोबा त्याला बाळ म्हणतात."

बाईंना हसू आवरेना. "नाही नेणार, आजोबा. एक जादा इंजेक्शन देऊ आणि घरातच नजर ठेवू."

"नक्की?"

"लिहून देते, मग तर झालं?"

त्यांनी कार्डाच्या मागे लिहून दिलं. आजोबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. शांतपणे कार्डाची घडी घालून ते वरच्या खिशात ठेवलं. मग त्यांनी डावा हात बाहेर काढला. त्याला रुमाल गुंडाळलेला होता आणि तो रक्ताने कडक झाला होता.

"आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "काल संध्याकाळी कोल्हा बाळावर धावला, तेव्हा हा हात मी मध्ये घातला होता."